लॉनचा पिवळेपणा युरियाने का जात नाही: हरळीच्या लॉनला खत किती, कधी आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळ बंगल्यापुढे दीड गुंठ्याचं लॉन, नर्सरीतून ‘सिलेक्शन वन’ (हरळीची जात) म्हणून आणलेलं, चार वर्षांचं. माती काळी, पाणी बोअरचं. माळीकाका दर महिन्याला दोन किलो युरिया आणि एक किलो डीएपी मुठीने टाकतात. आठवडाभर लॉन हिरवंगार दिसतं, मग पुन्हा पिवळं पडतं. मध्येमध्ये जळल्यासारखे तपकिरी डागही आहेत. पाऊस आता संपत आलाय, तेव्हा कोणतं खत द्यावं, किती द्यावं, आणि रासायनिक बंद करून नुसतं शेणखत टाकलं तर चालेल का?

तुमच्या लॉनला खत कमी पडत नाहीये. नत्र (नायट्रोजन) गरजेच्या कितीतरी पट जातंय, आणि जे कमी पडतंय ते बहुतेक लोह आहे. काळ्या जमिनीवरची, बोअरच्या पाण्यावरची बरीच लॉन मी अशीच पिवळी झालेली पाहिली आहेत. प्रत्येक वेळी घरमालकाचं पहिलं वाक्य हेच असतं की खत तर भरपूर घालतोय.

आधी हिशेब करू. युरियात ४६ टक्के नत्र असतं, डीएपीत १८ टक्के. दोन किलो युरियातून ९२० ग्रॅम आणि एक किलो डीएपीतून १८० ग्रॅम, म्हणजे महिन्याला अकराशे ग्रॅम नत्र. वर्षाला तेरा किलोच्या वर. हरळीच्या जातीच्या घरगुती लॉनला आपल्या हवामानात गुंठ्याला वर्षाकाठी साधारण सव्वा ते दीड किलो नत्र पुष्कळ होतं, म्हणजे तुमच्या दीड गुंठ्याला दोन-सव्वादोन किलो. तुम्ही सहापट देताय. त्यातला मोठा भाग गवताला मिळतच नाही. काही अमोनिया होऊन हवेत उडतो, काही गवत भराभर वाढवून कापणीबरोबर कचऱ्यात जातो, आणि उरलेला पावसाच्या पाण्याबरोबर नायट्रेट होऊन खाली झिरपतो. तुमची बोअर त्याच आवारात आहे आणि तेच पाणी घरात वापरत असाल, तर एवढ्या एका कारणासाठीही हे आजच थांबवा.

आता पिवळेपणा. उन्हात बसून लॉनच्या पिवळ्या भागातले चार-पाच कोंब उपटा आणि पांढऱ्या कागदावर ठेवा. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडली असतील आणि शेंड्याची कोवळी पानं हिरवी असतील, तर ती नत्राची कमतरता. गवत जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं, म्हणून आधी जुनं पान पिवळं पडतं. लोहाचं उलट असतं. ते एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून जुनी पानं हिरवी राहतात आणि कोवळी पानं पिवळी, कधी पांढुरकी निघतात. भिंगातून पाहिलंत तर पानाच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी अशा उभ्या बारीक रेघा दिसतील. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून मला हेच वाटतंय, पण खात्री करून घ्यायला दोन-तीन दिवस पुरतात.

एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट, म्हणजे हिराकस, आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा. सायट्रिक ॲसिडमुळे लोह पाण्यात गंजून तळाशी बसत नाही. सगळ्यात पिवळ्या भागात मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकोन दोरीने आखा आणि संध्याकाळी पानं भिजतील एवढंच फवारा. दोन दिवस तिथे कापणी करू नका. तिसऱ्या दिवशी तो चौकोन आजूबाजूपेक्षा हिरवा उठून दिसला, तर रोग लोहाचा. काहीच फरक पडला नाही, तर दुसरं कारण शोधायचं.

मातीत लोह नसतं असं नाही. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेल्या मातीत लोह मुबलक असतं. पण काळ्या जमिनीचा सामू (पीएच) बहुधा साडेसात ते साडेआठ असतो, त्यात चुनखडी असते, आणि अशा जमिनीत लोह मुळांना घेता येत नाही अशा रूपात अडकून पडतं. बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेटने त्यात भर पडते. नळाच्या तोंडाशी किंवा फरशीवर पांढरा थर साचतो ना, तेच पाणी रोज लॉनला जातं. जमीन सतत ओली राहिली की लोहाची अडवणूक आणखी वाढते, म्हणून पावसाळ्याच्या शेवटी हा पिवळेपणा सगळ्यात जास्त दिसतो. आणि नेमक्या याच वेळी माळी युरिया टाकतो. युरियाने नवी पानं भराभर फुटतात, प्रत्येक नव्या पानाला लोह हवं असतं, आणि मुळं ते तेवढ्या वेगाने पुरवू शकत नाहीत. चार दिवस हिरवं आणि मग आधीपेक्षा जास्त पिवळं, हे चक्र त्यातून फिरतं. म्हणजे तुमच्याकडे युरियाच पिवळेपणा वाढवतोय.

डीएपीचंही तेच. त्यात ४६ टक्के स्फुरद (फॉस्फेट) असतं. वर्षाला बारा किलो डीएपी म्हणजे साडेपाच किलो स्फुरद, आणि हे चार वर्षं चाललंय. जमलेल्या लॉनला स्फुरद अगदी थोडं लागतं, ते जमिनीतून फारसं वाहूनही जात नाही, तिथेच साचतं आणि लोह व जस्त मिळण्यात आणखी अडथळा आणतं. स्फुरदाचं खरं काम नवीन लॉन लावताना असतं. तेव्हा गुंठ्याला तीनेक किलो सिंगल सुपर फॉस्फेट मातीत मिसळावं म्हणजे मुळं लवकर धरतात. तुम्ही डीएपी बंद करा. माती तपासणीत स्फुरद कमी निघालं नाही तर पुढची काही वर्षं त्याचं नावही काढायला नको.

तपकिरी डागांबद्दल. मुठीने खत टाकताना काय होतं ते एकदा जवळून बघा. योग्य डोस एका चौरस मीटरला साडेपाच ग्रॅम युरियाचा आहे, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. मुठीत सहज पन्नास ग्रॅम युरिया येतो आणि त्यातला निम्मा हाताशीच, एका टीचभर जागेत पडतो. ओल्या पानांना दाणे चिकटतात, तिथेच विरघळतात, आणि ते खारट पाणी पानातला ओलावा ओढून घेतं. पान जळतं. डागाची कडा गडद हिरवी आणि मधला भाग मेलेला असेल तर कारण हेच समजा. घरात कुत्रा असेल तर त्याच्या लघवीनेही हुबेहूब असेच डाग पडतात, कारण तिथेही युरियाच असतो. अशा जागेवर दोन-तीन दिवस भरपूर पाणी सोडून क्षार खाली धुवून काढा. हरळी कडेने धावत येऊन जागा भरून काढते, वेगळी लागवड करावी लागत नाही.

पण डाग हाताने ओढून बघायला विसरू नका. गवत सतरंजीसारखं उचललं जात असेल, खाली मुळंच नसतील आणि मातीत पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसल्या, तर ती हुमणी आहे. वळवाच्या पावसानंतर तिचे भुंगेरे बाहेर पडतात, मातीत अंडी घालतात, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर अळ्या मुळं खातात. मुळंच नसलेल्या गवताला कितीही खत दिलं तरी ते जाणार कुठून? आधी हुमणीचा बंदोबस्त करायचा, खताचं नंतर बघायचं.

आता कोणतं खत. तुमच्यासारख्या जास्त सामूच्या जमिनीत मी युरियापेक्षा अमोनियम सल्फेट पसंत करतो. त्यात साडेवीस टक्के नत्र आणि सोबत गंधक असतं, आणि वापराने मुळांजवळची माती थोडी आम्लाकडे झुकते, ती लोहाच्या दृष्टीने चांगली. एका वेळचा डोस गुंठ्याला २५० ग्रॅम नत्र एवढाच ठेवा. तुमच्या दीड गुंठ्याला हे पावणेचारशे ग्रॅम होतं, म्हणजे अमोनियम सल्फेट १.८ किलो, किंवा युरिया ८०० ग्रॅम. सुफला १५:१५:१५ (नत्र, स्फुरद आणि पालाश म्हणजे पोटॅश, प्रत्येकी १५ टक्के) मिळालं तर त्याचं गणित अडीच किलो, पण ते वर्षातून एकदाच, कारण त्यातही स्फुरद आहे. अनुदानाच्या युरियाची ४५ किलोची गोणी शेतीसाठी असते, घरच्या लॉनसाठी ती आणून ठेवण्यात अर्थ नाही. एका पावसाळ्यात तिचा दगड होतो.

लॉनचं क्षेत्र अंदाजाने धरू नका. टेपने मोजा. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. लोक प्लॉटचं क्षेत्र सांगतात, त्यातून पार्किंग, वाट, झाडांची आळी वजा करत नाहीत, आणि तिथेच डोस दीडपट होतो.

टाकण्याची पद्धत खताइतकीच महत्त्वाची आहे. कापणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी, पानं पूर्ण कोरडी असताना टाका. सकाळचं दव उडू द्या. मोजलेलं खत आठ-दहा किलो कोरड्या चाळलेल्या वाळूत नीट मिसळा आणि त्याचे दोन सारखे भाग करा. एक भाग पूर्व-पश्चिम चालत फोकायचा, दुसरा दक्षिण-उत्तर. वाळूमुळे हाताला भरपूर माल मिळतो आणि खत सगळीकडे सारखं पडतं. मग लगेच पाणी. लगेच म्हणजे त्याच तासात. पाच-सहा मिलिमीटर पाणी हवं, म्हणजे चौरस मीटरला पाच-सहा लिटर, तुमच्या लॉनला आठ-नऊशे लिटर. एवढ्याने दाणे पानांवरून उतरून मुळांशी जातात. आपल्या चुनखडीच्या जमिनीवर आणि ऑक्टोबरच्या उन्हात खत वर तसंच राहिलं, तर त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. उग्र वास आला की समजायचं, पैसे हवेत चाललेत.

कधी द्यायचं हे तारखेवर न ठरवता गवताच्या वाढीवर ठरवा. हरळी, मेक्सिकन, पास्पालम ही सगळी उष्ण हवामानाची गवतं. दिवसाला २७ ते ३५ अंश तापमान असताना ती जोरात वाढतात, रात्री थंड झाल्या की मंदावतात, आणि दहा अंशाच्या आसपास जवळजवळ झोपतात. इंटरनेटवर हिवाळ्याच्या तोंडाशी भरपूर नत्र द्या असा सल्ला सापडतो, तो फेस्क्यू आणि केंटकी ब्ल्यूसारख्या थंड प्रदेशातल्या गवतांसाठी असतो. ह्यूस्टन किंवा अटलांटात घर असलेले आपले काही नातेवाईकही तो वाचून बर्मुडाला नोव्हेंबरात खत घालतात. बर्मुडा म्हणजे हरळीच, तिला तिथे तर तो सल्ला जास्तच बाधतो.

पुण्या-नाशिकच्या पठारावर मी असं करतो. फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री उबदार झाल्या आणि गवत स्वतःहून हिरवं व्हायला लागलं की तळापासून एक कडक कापणी, दाताळ्याने वाळकं गवत ओढून काढणं, आणि त्यानंतर पहिला डोस. दुसरा एप्रिलमध्ये, पण पाणी असेल तरच. टँकर आणून प्यायची वेळ आली असेल तर नत्र अजिबात देऊ नका. अर्धपोटी पाण्यावर खत घातलेलं लॉन बिनखताच्या लॉनच्या आधी करपतं. तिसरा जूनमध्ये, पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन भिजल्यावर. मुसळधार पावसाचा अंदाज असेल तर थांबा. जुलै-ऑगस्टमध्ये काही देत नाही. त्या दिवसांत ऊन नसतं, काळी माती पाण्याने भरलेली असते, मुळांना हवा मिळत नाही. तो पिवळेपणा उघडीप मिळाली की आपोआप निम्मा कमी होतो. चौथा डोस पाऊस परतताना, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, आणि हा वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा. पाचवा दिवाळीच्या सुमारास, तोही गवत वाढत असेल तर. डिसेंबर-जानेवारीत लॉन थोडं मळकट दिसणारच. त्याला तेव्हा युरियाने जागं करू नका.

कोकण, मुंबई, गोव्यात गोष्ट वेगळी आहे. थंडीचा खंड जवळजवळ नसतो, पण जांभ्याची माती आम्लधर्मी असते आणि पाऊस अन्नद्रव्यं धुवून नेतो, नत्र आणि पालाश दोन्ही. तिथे डोस निम्मा करून दुप्पट वेळा द्यावा, पालाशही तसंच विभागून द्यावं. अमोनियम सल्फेट मात्र तिथे वर्षानुवर्षं वापरू नये, माती आणखी आंबट होते. विदर्भात उन्हाळ्याचा डोस एप्रिलऐवजी मार्चमध्येच संपवलेला बरा.

गवताच्या जातीप्रमाणेही बदल होतो. मेक्सिकन किंवा कोरियन म्हणून विकलं जाणारं मऊ, बारीक पानांचं गवत, म्हणजे झोयशिया, त्याला हरळीच्या निम्मं नत्र पुरतं. जास्त दिलं की त्याचे उंचवटे होतात, खाली वाळका थर साचतो, पाणी मुरत नाही आणि पावसाळ्यात बुरशी लागते. आंब्याच्या किंवा भिंतीच्या सावलीतल्या पट्ट्यालाही निम्माच डोस द्या. सावलीतलं गवत विरळ होतं ते उजेड कमी म्हणून. नत्र वाढवलं तर ते नुसतं लांबट, पातळ होतं आणि पायाखाली दबून मरतं.

पालाशाबद्दल थोडक्यात. काळ्या जमिनीत ते बहुधा पुरेसं असतं, म्हणून तपासणीशिवाय देऊ नका. कमी निघालं तर ऑक्टोबरच्या डोसबरोबर दीड गुंठ्याला पाऊण किलो सल्फेट ऑफ पोटॅश. म्युरेट ऑफ पोटॅश स्वस्त आहे, पण त्यात क्लोराइड असतं आणि तुमचं बोअरचं पाणी आधीच क्षारांचं आहे.

शेणखताचा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. सेंद्रिय खत लॉनला हवंच, काळी माती भुसभुशीत राहायला त्याच्याइतकं दुसरं काही उपयोगी नाही. पण कच्चं शेणखत जमलेल्या लॉनवर पसरू नका. त्यातून लव्हाळ्याच्या गाठी आणि तणांचं बी येतं, आणि हुमणीला ते आयतं घर मिळतं. लव्हाळा एकदा शिरला की पुढची पाच वर्षं खुरपं हातातून सुटत नाही. त्याऐवजी चाळलेलं, पूर्ण मुरलेलं गांडूळखत घ्या. त्यात नत्र एक ते दीड टक्का धरा, म्हणजे २५ किलोतून गुंठ्याला तीनेकशे ग्रॅम नत्र हळूहळू मिळतं, साधारण एका रासायनिक डोसइतकं. जूनच्या डोसऐवजी हे बिनधास्त द्या. सोबत गुंठ्याला चार-पाच किलो निंबोळी पेंड चालेल. नुसत्या सेंद्रिय खतावरही लॉन छान राहतं, फक्त वाढ संथ असते आणि परिणाम दिसायला महिना-दीड महिना लागतो. ज्यांना तेवढा धीर आहे त्यांनी तोच रस्ता धरावा असं मी मनापासून सांगतो.

आणखी एक फुकटचं खत तुम्ही दर आठवड्याला फेकून देताय. कापलेलं गवत. आठवड्याला एकदा, पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त न कापता मोव्हर चालवला, तर बारीक तुकडे तिथेच पडू द्या, पिशवी लावू नका. लॉनच्या नत्राची जवळजवळ पाव गरज त्यातून भागते. वाळका थर त्याने साचत नाही. थर साचतो तो धावत्या खोडांचा आणि जुन्या मुळांचा. पंधरा दिवस कापणी चुकली आणि गवताचे पुंजके पडले, तर तेवढ्या वेळी उचला.

तर या महिन्यात क्रमाने असं करा. खत पूर्ण थांबवा. लॉनच्या सात-आठ ठिकाणांहून, वरचं गवत बाजूला करून, चार इंच खोलीची माती काढा, एकत्र मिसळून अर्धा किलो सावलीत वाळवा आणि कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत द्या. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, चुनखडी, स्फुरद, पालाश, लोह आणि जस्त एवढं तपासायला सांगा. तोवर बागेच्या काट्याने वीतभर अंतरावर भोकं पाडून घ्या, पावसाने दबलेल्या मातीत हवा खेळू द्या, आणि रोजचं शिंपडणं सोडून तीन-चार दिवसांनी एकदाच खोल पाणी द्या. चौकोनाची चाचणी लोहाकडे बोट दाखवत असेल तर १५ लिटरच्या पंपात ७५ ग्रॅम हिराकस आणि १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून सगळ्या लॉनवर फवारा, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. हिराकस मातीत टाकून काही साधत नाही, चुनखडीत ते लगेच अडकतं. मातीतूनच द्यायचं असेल तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह. ईडीटीए स्वस्त पडतं, पण एवढ्या सामूला टिकत नाही. पहिल्या फवारणीनंतर दहा दिवसांनी अमोनियम सल्फेटचा १.८ किलोचा डोस. माळीकाकांना एक छोटा वजनकाटा आणून द्या आणि लॉनचं मोजलेलं क्षेत्र खताच्या डब्यावर लिहून ठेवा.

फवारणीच्या आधी कडेची शहाबादी फरशी आणि कोबा पाण्याने ओला करून घ्या आणि काम झाल्यावर लगेच धुवा, कारण हिराकसाचे थेंब वाळले की गंजाचे डाग पडतात आणि ते घासून निघत नाहीत.